उन्हात राहिलेली नळी

सोमवारी सकाळी जंतूवालीनं ट्रे आणून टेबलावर ठेवला आणि काहीच बोलली नाही. एरवी हिच्या तोंडाला कुलूप नाही. ती गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ताईनं ओळखलं.

ट्रेमध्ये शहाण्णव खळगे होते, एकेक नखाएवढा. प्रत्येकात जंतू सोडलेले आणि त्यांच्यावर औषधाचा थेंब. जंतू जगले की खळगा गढूळ दिसतो आणि मेले की लख्ख, आरपार. ताईनं ट्रे खिडकीकडे धरला. तिच्या औषधाच्या सगळ्या रांगा तांदळाच्या धुवणासारख्या गढूळ होत्या.

"ठणठणीत आहेत सगळे," जंतूवाली शेवटी म्हणाली. "तुझं औषध पिऊन बाळसं धरलंय मेल्यांनी."

"जंतू बदललेस का?"

"ही शेवटची रांग बघ. जुनं, माहितीतलं औषध घातलंय तिच्यात. आहे ना स्वच्छ? माझे जंतू खोटं बोलत नाहीत, बाई."

"मग माझं औषध खोटं बोलतंय?"

"मी कुठं तसं म्हटलं?" जंतूवाली तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "पण पहिल्या खेपेला हेच जंतू पटापट मेले होते. दुसऱ्या खेपेला नाही आणि आता तिसऱ्यालाही नाही. पहिल्या वेळी वेगळं काय केलं होतंस?"

"काही नाही. तेच सगळं."

हे उत्तर तिनं गेल्या पंधरा दिवसांत इतक्यांदा दिलं होतं, की आता तिलाच ते पाठ करून म्हटल्यासारखं ऐकू आलं.

प्रयोगशाळेत जंतू वाढवणारी ती जंतूवाली, तशी वयानं सगळ्यांत मोठी म्हणून ही सगळ्यांची ताई. तिचं काम रेणू बांधायचं. कार्बनला कार्बन जोडायचा, नको तिथला हात झाकायचा, हवा तिथला उघडा ठेवायचा, आणि असं जोडत जोडत निसर्गात कुठं नसलेलं काहीतरी काचेच्या तळाशी पांढरं भुरभुरीत उतरवायचं. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा एक जिवाणू होता. त्याच्यासाठी तिनं चार वर्षं खपून एक रेणू बांधला होता. दोन कड्या एकाच अणूत अडकवलेल्या, आणि त्यांतली एक मुद्दाम अवघडून, मान वळवून बसलेली. तसं बसलं तरच ते जिवाणूच्या कुलपात शिरेल, असं संगणकावरच्या चित्रात दिसत होतं. महिन्यापूर्वी पहिली खेप निघाली आणि जंतू मेले, तेव्हा जंतूवालीनं भर कॉरिडॉरमध्ये तिला मिठी मारली होती.

आता गुरुवारी बैठक होती. पाच संयुगांतली दोन पुढं उंदरांवरच्या चाचणीला जाणार, बाकीची कपाटात. ताईचं नाव यादीत पहिलं होतं, पण ज्याचा निकाल पुन्हा येत नाही ते यादीत राहत नाही. आणि निकाल पुन्हा येत नसेल तर तो पहिल्यांदा आला कुठून, हेही लोक विचारतातच. तोंडावर नाही विचारत. चहाच्या यंत्रापाशी ती गेली की बोलणं थोडं थांबायचं, एवढंच.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. सर हळू बोलणारे. वाईट बातमी आधी टेबलावरच्या कागदांना सांगायची आणि मग माणसाला, अशी त्यांची रीत.

"गुरुवारी मी काय सांगू?" त्यांनी कागदांना विचारलं.

"सर, मी काही खोटं दाखवलेलं नाही."

त्यांनी वर पाहिलं. "मला माहीत आहे. पण मला माहीत असून भागत नाही ना."

तिनं मान हलवली. यात सरांचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

मंगळवारी ती तिसऱ्या खेपेची नळी घेऊन चुंबककाकांकडे गेली. तळमजल्यावर टोकाच्या खोलीत ते भलंमोठं चुंबकाचं यंत्र होतं. औषध क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीत भरायचं, नळी यंत्रात सोडायची, की कागदावर शिखरांची रांग उमटते. कुठला अणू कुणाच्या शेजारी बसलाय हे त्या शिखरांवरून वाचता येतं. यंत्र सांभाळणारे काका वीस वर्षं तिथंच होते. घड्याळ आणि किल्ल्या बाहेर काढून ठेवल्याशिवाय ते कुणाला आत घेत नसत.

"पुन्हा तेच?" काका म्हणाले. "अहो ताई, याचं चित्र आता मी डोळे मिटून काढून देईन."

"काढा तरी."

कागद बाहेर आला. तिनं पहिल्या खेपेचा कागद आणि हा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. शिखरावर शिखर बसलं. दरीत दरी बसली. जुळ्या बहिणींनी एका आरशात पाहावं तसं. कुठंही केसाएवढा फरक नाही. तरीही एकीनं जंतू मारले आणि दुसरी हात बांधून उभी राहिली.

"नळी मात्र या वेळी सोबत घेऊन जा हं," काका मागून म्हणाले. "मागल्यासारखं माझ्या खिडकीत ठेवून पळू नका."

"मागल्यासारखं?"

"विसरलात? तुमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना. फोन आला आणि तुम्ही चप्पल घालत घालत दाराबाहेर. नळी राहिली ती राहिली." काकांनी जाड वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं: "'शुक्रवार, दुपारी बारा, चित्र काढले. नळी खिडकीतल्या स्टँडवर. सोमवार, सकाळी साडेनऊ, नळी नेली. पुन्हा असे होऊ नये.' हे शेवटचं मी रागानं लिहिलंय. मनावर घेऊ नका."

ताईनं खिडकीकडे पाहिलं. लाकडी स्टँड तिथंच होता आणि त्याच्यावर दुपारचं ऊन मांजरासारखं पसरलं होतं.

"काका, तीन दिवस ती इथं होती?"

"इथंच. त्या आठवड्यात ऊन तरी काय भाजत होतं. का हो, नासलं की काय?"

ती स्टुलावर बसली. क्लोरोफॉर्म उन्हात ठेवलं तर आंबट होतं, हे कुठलाही रसायनाचा विद्यार्थी सांगेल. फार नाही, नखाच्या टोकावर राहील एवढं आम्ल त्यात तयार होतं. आणि अवघडून बसवलेल्या कडीला तेवढं पुरतं. आम्लाचा हात लागला की ती कडी उघडते, क्षणभर मोकळी होते आणि पुन्हा मिटताना दुसऱ्या बाजूनं मिटते. तिला जशी आरामात बसता येईल तशी. अणू तेच, जोडण्याही त्याच, फक्त मान इकडची तिकडे.

आणि पहिली खेप निघाली होती सगळी मिळून नऊ मिलिग्रॅम, म्हणजे साखरेचे पंधराएक दाणे. ते सगळेच्या सगळे तिनं नळीत घातले होते. चित्र काढून झाल्यावर नळीतलं औषध फेकायचं नाही, परत बाटलीत ओतायचं, नळी दोनदा विसळून तेही ओतायचं, क्लोरोफॉर्म उडवून टाकायचं. ही तिची सवय होती. कण वाया गेला तर तिचा जीव खालीवर व्हायचा. सोमवारी तिनं तेच केलं आणि बाटली जंतूवालीच्या हातात दिली. पुन्हा चित्र काढलं नाही. शुक्रवारचं होतं की फाइलमध्ये. काढलेलं चित्र परत कशाला काढायचं?

दुसरी खेप दोनशे मिलिग्रॅमची होती, तिसरीही तेवढीच. हात सैल झाला होता. चिमूटभर नळीत, बाकी सरळ बाटलीत. नळीतलं गेलं टाकाऊ द्रावणाच्या कॅनमध्ये.

म्हणजे कागद शुक्रवारचा होता आणि औषध सोमवारचं. महिनाभर ती सगळ्यांना एकाचं चित्र दाखवून दुसऱ्याचं कौतुक सांगत होती. तिचे कान तापले.

"पाणी देऊ का?" काकांनी विचारलं.

"नको. वहीतलं ते शेवटचं वाक्य खोडू नका हं, काका."

बुधवारी उजाडताच ती जंतूवालीच्या दारात उभी राहिली. "पहिली रिकामी बाटली टाकलीस का?"

"मी टाकते होय काही?" जंतूवालीनं खण उपसला. रबरं, संपलेली पेनं, एक हातमोजा, कुणाच्या तरी बारशाचा फोटो. "आमचे हे म्हणतात, तुझ्या खणात एक दिवस तूच सापडशील. ही घे."

करंगळीएवढी बाटली. रिकामी दिसत होती, पण रिकामी काच कधी पूर्ण रिकामी नसते. ताईनं तीन थेंब सोडून बाटली बोटांत फिरवली, आतल्या भिंती हळूहळू धुवून घेतल्या. दुसरीकडे तिसऱ्या खेपेतलं चिमूटभर औषध घेतलं, त्यात आम्लाचा एक थेंब घातला आणि ढवळत ठेवलं. एकटी असली की ती कामाशी बोलायची. तिच्या आजीनं बोलण्याला चाल लावायची खोड लावून ठेवली होती.

थेंबा माझ्या थेंबा रे, काचेवरून ये,
लपलेलं जे असेल ते पदरात दे.

मग पांढऱ्या लेपाची काचपट्टी घेतली. तळाशी तीन ठिपके दिले. पहिला तिसऱ्या खेपेचा, मधला बाटलीच्या धुवणाचा, शेवटचा आम्ल लावलेल्याचा. पट्टीचं टोक द्रावणात बुडवून ठेवलं. द्रावण लेपातून वर चढतं आणि ठिपक्यांना सोबत नेतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. पट्टी पुरती चढल्यावर तिनं ती वाळवली आणि आयोडीनच्या बरणीत उभी केली.

आधी काहीच दिसेना. मग पहिल्या रांगेत खालच्या अंगाला एक तपकिरी ठिपका उमटला. शेवटच्या रांगेत तसाच, पण बोटभर वर. आणि मधल्या रांगेत, त्या रिकाम्या म्हणवणाऱ्या बाटलीतून, खाली एक पुसट ठिपका आणि वर एक गडद. वरचा शेवटच्या रांगेतल्याच्या अगदी बरोबरीला.

जंतूवाली तिच्या खांद्यावरून बघत होती. "म्हणजे माझे जंतू मारले ते या वरच्यानं?"

"माहीत नाही. बाटलीत बहुतेक वरचाच होता, एवढं कळलं. मारलं कुणी, ते तुझे जंतू सांगतील."

दुपारपर्यंत तिनं आम्ल लावलेल्या चिमटीतून वरच्या ठिपक्याचं औषध वेगळं करून घेतलं. या वेळी जे जंतूंना द्यायचं त्याचंच आधी चित्र काढलं, तेही क्षाराच्या थरातून गाळून आम्ल काढलेल्या ताज्या क्लोरोफॉर्ममध्ये. काका नळी हातात घेऊन यंत्रासमोर उभे राहिले आणि चित्र होताच त्यांनी ती स्वतः तिच्या मुठीत कोंबली. कागदावर दोन शिखरं सरकलेली होती. फक्त दोन.

"निकाल कधी?" तिनं जंतूवालीला विचारलं.

"शुक्रवारी सकाळी."

"उद्या बैठक आहे गं."

"मग जंतूंना तुझं वेळापत्रक दाखवू का? त्यांना वाढायला दोन दिवस लागतात. ते काही सरांना भीत नाहीत."

संध्याकाळी घरी बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून नव्या डोळ्यानं वर्तमानपत्र वाचत होते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. शिशाची उलटी अक्षरं ते सुलट्याहून भरभर वाचायचे. ताईनं त्यांना दोन कड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना काही समजावून द्यावं लागलं नाही.

"म्हणजे खिळा तोच, पण उलटा बसला," ते म्हणाले. "आणि हे माझ्या डोळ्यापायी झालं?"

"तुमच्या डोळ्यापायी सापडलं म्हणा."

"लाडीगोडी नको, ठमे." बाबा लहानपणापासून तिला ठमी म्हणत. "उद्या काय बोलणार आहेस ते सांग."

"चाचणी चालू आहे, शुक्रवारपर्यंत थांबा, एवढंच बोलावं म्हणते. खोटं तर नाही ना ते?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. घडीवरून नख फिरवलं. "औषधांच्या एका पुस्तकात मी एकदा अर्ध्या चमच्याच्या जागी आठ चमचे जुळवले होते. हजार प्रती शिवून झाल्या होत्या. मालक म्हणाले, कुणाच्या लक्षात येतंय, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, पेशंट तोवर थांबतील का?"

"मग?"

"मग काय. हजार चिठ्ठ्या छापल्या. तुझी आई आणि मी, मधे खळीची वाटी. चार दिवस चिकटवत होतो. बोटं इतकी चिकट की तुला घ्यावं तर तूच चिकटायचीस." ते हसले. "लाज वाटली होती मला, नाही असं नाही. पण ती चिठ्ठी लावेपर्यंत. लावल्यावर नाही."

ती त्यांच्या डोळ्यात थेंब घालून झोपायला गेली. झोप बरी लागली.

गुरुवारी लांब टेबलाभोवती नऊ माणसं होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती फळ्यापाशी गेली आणि तिनं दोन चित्रं शेजारी शेजारी काढली.

"हे मी बनवलं," ती म्हणाली. "आणि हे जंतूंवर तपासलं गेलं. दोन्ही एकच आहेत असं मी महिनाभर सांगत होते. ते नाहीत." मग तिनं सगळं सांगितलं. खिडकी, ऊन, नऊ मिलिग्रॅम, परत ओतलेली नळी, न काढलेलं दुसरं चित्र. आवाज एकदाच अडखळला, न काढलेल्या चित्रापाशी.

यादी सांभाळणारे गृहस्थ पेन्सिलीनं टेबल ठोकत होते. "थोडक्यात, आज तुमच्या हातात नक्की काय आहे?"

"एक निकामी औषध आणि एक अंदाज."

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. चहाच्या यंत्रापाशी बोलणं थांबवणाऱ्यांतले दोघंही त्यांत होते. त्यांतला एक म्हणाला, "मी एकदा अशीच सबंध खेप खिडकीत विसरलो होतो. मी कुणाला सांगितलं नाही, एवढाच फरक."

"आणि उद्या तुमचा अंदाजही चुकला तर?" यादीवाल्यांनी विचारलं.

"तर यादीतलं नाव मी स्वतः खोडेन."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "उद्या दुपारपर्यंत यादी माझ्याकडेच आहे."

बाहेर आल्यावर सर तिच्या बरोबरीनं चालले. कागद नव्हते, म्हणून ते भिंतीशी बोलले. "एवढं सगळं आजच सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

"हो सर. पण मग उद्या जमलं असतं तर मला आधीपासून ठाऊक असल्यासारखं मी सांगितलं असतं. आणि नसतं जमलं तर काहीच सांगितलं नसतं."

सर थांबले. या वेळी ते तिच्याशीच बोलले. "जेवून घ्या. सकाळपासून उपाशी दिसताय."

शुक्रवारी ती वेळेवर आली. लवकर नाही. जंतूवाली कॉरिडॉरच्या त्या टोकाला दिसली. हातात ट्रे, आणि चालता चालता बडबड सुरू. तिची बडबड लांबूनच कानावर पडली तशी ताईची पावलं सैल झाली.

"...आणि मी दार उघडते तर काय, मेलेत गं! औषध पातळ पातळ करत नेलं तरी चौथ्या खळग्यापर्यंत लख्ख, पाचवा जरा धुरकट. पहिल्या वेळेपेक्षा छान मेलेत. आणि तुझं ते चित्रातलं लाडकं, अवघडलेलं? त्याच्या खळग्यात लग्नघर भरल्यासारखी गर्दी!"

ताईनं ट्रे उजेडाकडे धरला. वरची रांग गढूळ, खालची चौथ्या खळग्यापर्यंत स्वच्छ. स्वच्छ खळग्यांतून खिडकीची चौकट दिसत होती. तिनं एकेक खळगा मोजला, मग पुन्हा मोजला. हसली नाही, रडली नाही. ट्रे जपून खाली ठेवला.

"मिठी मारू का?" जंतूवालीनं विचारलं. "मागल्या वेळी मारली ती फुकट गेली."

"मार."

दुपारी यादीतलं नाव तसंच राहिलं, त्याच्यापुढचं चित्र बदललं. सर म्हणाले, आता हे मुद्दाम बनवायचं, उन्हाच्या भरवशावर नाही. म्हणून ती कोरा कागद घेऊन बसली आणि नव्या रेणूकडे जायची वाट शेवटापासून मागं मागं लिहीत आली. मधे तिची पेन्सिल थांबली. ती कडी अवघडून बसवण्यासाठी आधी एक हात झाकायचा होता, मग कडाक्याच्या थंडीत ती वळवायची, मग झाकलेला हात उघडायचा. आता यातलं काहीच लागत नव्हतं. मोकळी सोडली की ती कडी आपली आपणच नीट बसणार होती. तीन पायऱ्या गळल्या. त्या तीन पायऱ्या जमवण्यात तिचं दीड वर्ष गेलं होतं. एका हिवाळ्यात तर त्यापायी ती घरच्या कुठल्याच कार्याला गेली नव्हती.

"काय गं, डोळे का पुसतेस?" जंतूवाली दारातून म्हणाली.

"दीड वर्ष मी याची मानगूट धरून याला वाकडं बसवत होते. सोडलं असतं तर आपोआप बसलं असतं."

"माझी थोरली अगदी अशीच आहे. ओरडलं की अडते." जंतूवाली आत येऊन कागदावर वाकली. "मग आता लवकर होईल ना? मला भरपूर लागणार आहे. उंदीर काही तुझ्या पंधरा दाण्यांवर भागवणार नाहीत."

ताईनं त्या तीन पायऱ्यांवरून एकेक सरळ रेघ मारली. खाली काय लिहिलंय ते वाचता येईल अशी. मग उठून वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा लावला, काच वर सरकवली आणि पहिल्या पायरीचं द्रव्य तोलायला घेतलं.